कार्ड आहे, रुग्णालय कुठे आहे?

कोजागरीच्या आदल्या रात्री सोलापूर-तुळजापूर रस्ता ज्यांनी पाहिला आहे, त्यांना मी काय सांगतो आहे ते लगेच कळेल. रस्ता वाहनांचा राहत नाही, माणसांचा होतो. लाखो भाविक आईच्या दर्शनासाठी पायी निघालेले असतात. गाड्या दुसऱ्या मार्गाने वळवलेल्या असतात आणि रात्रभर चहा-फराळाचे मंडप चालू असतात. गेल्या वर्षी त्या रात्री आम्ही या गर्दीच्या उलट दिशेने निघालो होतो. जीपच्या मागच्या सीटवर माझे खालू, म्हणजे मावशीचे यजमान, छातीवर हात दाबून आडवे झाले होते.

खालूंचे मंदिराच्या रस्त्यावर बांगड्यांचे छोटे दुकान आहे. नवरात्रापासून पौर्णिमेपर्यंतचे दिवस म्हणजे त्यांचे वर्षाचे पीक. त्या हंगामात दुपारचे जेवण संध्याकाळी आणि झोप दुकानातच. छातीत दुखायला लागले तेव्हा त्यांनी आधी गिऱ्हाईक केले, मग मुलाला हाक मारली. उपजिल्हा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी तातडीने ईसीजी काढला, जवळची औषधे दिली आणि स्पष्ट सांगितले, "हार्ट अटॅक आहे. अँजिओग्राफी लागेल. ती इथे होत नाही. वेळ घालवू नका, सोलापूर गाठा."

सोलापूर पंचेचाळीस किलोमीटर. एरवी तासाभराचा रस्ता. त्या रात्री आम्हाला अडीच तास लागले, आणि तेही चालणाऱ्या माणसांनी हॉर्न ऐकून, आत डोकावून, एकमेकांना हाका मारून वाट करून दिली म्हणून. "सरका, सरका, पेशंट हाय!" हा आवाज आमच्या पुढे पुढे धावत होता. त्या रात्री सर्वात चांगले चाललेली व्यवस्था कुठली, असे कोणी विचारले तर मी या अनोळखी माणसांचे नाव घेईन.

शहरात शिरताच महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेचा फलक लावलेले पहिले रुग्णालय दिसले. मावशीच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. "कार्ड है ना अपने पास," ती म्हणाली. केशरी रेशन कार्ड होते, आयुष्मान कार्ड होते, आधार होते. काउंटरवरच्या मुलाने कार्ड पाहिले आणि मान हलवली. "कार्ड बरोबर आहे काका. पण आमच्याकडे योजना फक्त हाडांच्या ऑपरेशनला आहे. हार्टला नाही." दुसऱ्या रुग्णालयात हृदयविकाराची सोय योजनेत होती, पण योजनेचा बेड शिल्लक नव्हता. तिसऱ्या ठिकाणी बेड होता, डॉक्टर होते, यंत्र होते, योजना नव्हती. आधी पन्नास हजार भरा, असे सांगण्यात आले. पहाटे तीनला मी मोहल्ल्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मजकूर टाकला. सकाळपर्यंत पैसे जमले.

सिव्हिलला का नेले नाही, असे नंतर अनेकांनी विचारले. प्रश्न रास्त आहे. पण छाती दाबून बसलेल्या माणसाला घेऊन रात्री दीड वाजता परक्या शहरात शिरलेले कुटुंब संशोधन करत नाही. ते फलक पाहते आणि थांबते. फलक लावायचा तो त्यासाठीच.

खालू वाचले. हृदय मात्र अशक्त झाले आहे. उशीर झाल्यामुळे स्नायूचा काही भाग गेला, असे डॉक्टर म्हणाले. एकूण खर्च एक लाख साठ हजार. हंगामाची कमाई त्यात गेली, उरलेले कर्ज आजही फिटते आहे. आणि हे सगळे अशा माणसाच्या बाबतीत घडले ज्याला सरकारने पाच लाखांचे संरक्षण दिलेले आहे.

आज लिहायचे आहे ते याच फटीबद्दल. संरक्षण आणि उपचार यांच्यामधली फट.

ही योजना वाईट आहे, असे मी अजिबात म्हणणार नाही. महाराष्ट्राने २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू केली. त्या आठांत सोलापूर होते, आमचा जिल्हा नव्हता. २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये ती राज्यभर गेली, २०१७ मध्ये तिला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले. केंद्राची आयुष्मान भारत योजना २०१८ च्या सप्टेंबरमध्ये आली आणि १ एप्रिल २०२० पासून दोन्ही योजना राज्यात एकत्र राबवल्या जाऊ लागल्या. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने तर मोठी झेप घेतली. पिवळे, केशरी, पांढरे असा रेशन कार्डाचा भेद न करता राज्यातल्या सर्व कुटुंबांना योजना लागू करायची, दीड लाखाची मर्यादा पाच लाखांवर न्यायची, उपचारांची संख्या १,३५६ करायची, असे ठरले. १ जुलै २०२४ पासून ते अमलात आले. डायलिसिस, कर्करोग, हृदयशस्त्रक्रिया यांसाठी ज्यांनी पूर्वी जमीन विकली असती अशी कुटुंबे या योजनेने वाचवली आहेत. आमच्या मोहल्ल्यातही आहेत.

पण या सगळ्या आकड्यांत एक आकडा नाही. माझ्या घरापासून किती मिनिटांवर, कुठल्या आजारासाठी, कुठले रुग्णालय मला दारातून परत न पाठवता दाखल करून घेईल, याचा आकडा.

विम्याचे कार्ड हे वचन असते. ते पाळतात रुग्णालये. ज्या रुग्णालयांशी करार झालेला असतो त्यांना सरकारी भाषेत 'अंगीकृत' आणि खाजगी विमा कंपन्यांच्या भाषेत 'नेटवर्क' रुग्णालय म्हणतात. वचन कितीही मोठे असले तरी ते या यादीइतकेच खरे असते. भारताच्या महालेखापरीक्षकांनी २०२३ च्या ऑगस्टमध्ये संसदेत मांडलेल्या आयुष्मान भारतवरील अहवालात दर एक लाख लाभार्थ्यांमागे किती अंगीकृत रुग्णालये आहेत याचा हिशेब दिला आहे. गोव्यात २६.६, बिहारमध्ये १.८, आणि प्रगत म्हणवणाऱ्या आपल्या महाराष्ट्रात फक्त ३. त्या अहवालाची चर्चा झाली ती एकाच मोबाइल क्रमांकावर नोंदलेल्या लाखो लाभार्थ्यांची. ती व्हायलाच हवी होती. पण 'लाखामागे तीन' या आकड्यावर कुणी आंदोलन केल्याचे मी पाहिले नाही.

आणि हे तीनही सारखे वाटलेले नाहीत. रुग्णालये जिथे आधीपासून आहेत तिथे यादी भरगच्च असते: मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, छत्रपती संभाजीनगर. धाराशिव हा नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीतला जिल्हा. महाराष्ट्रातून त्या यादीत नंदुरबार, गडचिरोली, वाशिम आणि आम्ही. जिल्ह्याला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय मिळाले ते २०२२ मध्ये. त्याआधीच्या पिढ्यांसाठी 'मोठा दवाखाना' म्हणजे सोलापूर किंवा लातूर हेच होते. आजही तुळजापूर, नळदुर्ग, लोहारा, उमरग्याकडचा माणूस मोठ्या आजारात जिल्ह्याच्या हद्दीबाहेरच बघतो.

म्हणूनच मोजमाप राज्याच्या सरासरीने नव्हे, तालुक्यावर आणि आजारावर झाले पाहिजे. यादीत दहा रुग्णालये असतील आणि दहाही हाडांची असतील, तर हृदयविकाराच्या रुग्णाला यादी शून्याची आहे. या योजनेत रुग्णालयांना विशेषज्ञतेनुसार अंगीकृत केले जाते. ती पद्धत योग्यच आहे, कारण ज्याच्याकडे हृदयरोगतज्ज्ञ नाही त्याने हृदयाचे पॅकेज घेऊ नये. पण मग फलकावर तसे लिहिलेले असले पाहिजे. योजनेचे नाव मोठ्या अक्षरांत आणि 'फक्त अस्थिरोग' हे शब्द संगणकाच्या आत, ही रुग्णाची फसवणूक आहे. ती कुणी मुद्दाम करत नसेल, तरीही.

खाजगी विमा घेतलेल्यांनी हा प्रश्न गरिबांचा आहे असे समजू नये. माझा एक शिक्षक मित्र सहा वर्षे न चुकता हप्ता भरत होता. पत्नीच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेसाठी त्याने कंपनीच्या यादीत पाहूनच रुग्णालय निवडले. दाखल होण्याच्या दिवशी कळले की कंपनी आणि रुग्णालय यांचे दरावरून फाटले आहे, गेल्या महिन्यापासून कॅशलेस बंद. "तुम्ही भरा, नंतर क्लेम करा." बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या. तीन महिन्यांनी पैसे आले, तेही कापून. भांडण दोघांचे होते, दंड तिसऱ्याने भरला.

हे आजचे नाही. २०१० च्या जुलैमध्ये चार सरकारी विमा कंपन्यांनी मुंबई, दिल्ली, चेन्नई, बेंगळुरूतल्या मोठ्या रुग्णालयांत कॅशलेस सोय एकदम थांबवली होती. त्यातून 'पसंतीच्या' रुग्णालयांचे जाळे ही कल्पना रुजली: जो ठरलेल्या दराला तयार, तो यादीत. दर आटोक्यात ठेवायला हे हत्यार उपयोगी आहे, नाकारण्याचे कारण नाही. पण जाळे जितके आखूड, तितका विमा स्वस्त आणि रुग्ण तितका उघडा. कंपनीने कुठवर आखडते घ्यायचे याला तळरेषा हवी, आणि ती आखायचे काम बाजाराचे नाही, नियामकाचे आहे.

विमा नियामक प्राधिकरणाने काहीच केले नाही, असेही नाही. २०२४ च्या जानेवारीत सर्वसाधारण विमा परिषदेने 'कॅशलेस एव्हरीव्हेअर' जाहीर केले. रुग्णालय यादीत नसले तरी ठरवून करायच्या उपचारासाठी ४८ तास आधी आणि तातडीच्या वेळी दाखल झाल्यापासून ४८ तासांत कंपनीला कळवले, तर कॅशलेस मागता येते. २९ मे २०२४ च्या परिपत्रकाने कॅशलेसची मंजुरी एका तासात आणि घरी सोडतानाची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायला सांगितले. तीन तासांपुढे गेले तर रुग्णालयाचा वाढीव आकार कंपनीने सोसायचा, तोही भागधारकांच्या पैशातून. ही चांगली कलमे आहेत. आपल्यापैकी ज्यांच्याकडे पॉलिसी आहे त्यांनी ती पाठ करावीत. पण यादीबाहेरचे रुग्णालय कॅशलेसला तयारच झाले नाही, तर? त्याला भाग पाडणारे कलम यात नाही. आणि अमुक तालुक्यात किमान अमुक रुग्णालये जोडलीच पाहिजेत, असे किलोमीटरमध्ये किंवा मिनिटांत मोजलेले बंधन आपल्या विमा नियमांत नाही.

असे बंधन घालता येते का? येते. अमेरिकेतली आरोग्यव्यवस्था अनुकरणीय आहे असे कुणी म्हणणार नाही. पण तिथल्या ठेचा पाहून आपण शहाणे होऊ शकतो. कॅलिफोर्निया राज्यात विमा योजनेला आपल्या सभासदाच्या घरापासून पंधरा मैल किंवा तीस मिनिटांच्या आत रुग्णालय जोडून द्यावे लागते. २०२२ पासून लागू झालेल्या तिथल्या केंद्रीय कायद्याने डॉक्टर-रुग्णालयांची यादी दर ९० दिवसांनी तपासण्याची सक्ती केली. रुग्णाने चुकीच्या यादीवर विसंबून उपचार घेतले, तर जास्तीचा भुर्दंड त्याच्यावर टाकता येत नाही.

इतके लांब जायचे नसेल तर आपल्याच देशात पाहा. कर्मचारी राज्य विमा महामंडळाने २०२१ मध्ये कामगारांसाठी ठरवले की दहा किलोमीटरच्या परिसरात महामंडळाचे रुग्णालय किंवा दवाखाना नसेल, तर कामगाराने थेट जवळच्या करारबद्ध रुग्णालयात जावे. म्हणजे अंतर हा हक्काचा भाग होऊ शकतो, हे आपल्या सरकारला मान्य आहे. कारखान्यातल्या कामगाराला जे मान्य केले, ते बांगड्या विकणाऱ्याला आणि ऊसतोडणीवाल्याला नाकारायचे कारण काय?

इथे रुग्णालयांची बाजूही ऐकली पाहिजे. एका छोट्या गावात वीस खाटांचे रुग्णालय चालवणाऱ्या डॉक्टरांशी मी बोललो. ते म्हणाले, "योजना घ्यायला मी तयार आहे. पण पॅकेजचा दर परवडत नाही आणि केलेल्या कामाचे पैसे महिनोन्महिने येत नाहीत. नर्सचा पगार मी कुठून देऊ?" २०२५ च्या ऑगस्टमध्ये हरियाणातल्या खाजगी रुग्णालयांनी थकलेल्या रकमांवरून आयुष्मानचे रुग्ण घेणे थांबवले होते. जाळे कागदावर विणून होत नाही. त्याला वेळेवर पैशांचे सूत लागते. सरकार देयके लांबवणार, रुग्णालये हळूहळू खाटा 'भरलेल्या' दाखवणार, आणि रुग्ण एका दारातून दुसऱ्या दारात फिरणार. या साखळीत फक्त रुग्णालयाला दोषी धरून चालणार नाही.

तेव्हा मागणी काय करायची? मला पाच गोष्टी सुचतात.

पहिली, प्रत्येक तालुक्यासाठी आणि प्रत्येक जीवघेण्या आजारासाठी वेळेचा दंडक ठरवा. हृदयविकार, पक्षाघात, अवघड बाळंतपण, अपघात, डायलिसिस यांसाठी किती मिनिटांत अंगीकृत रुग्णालय गाठता आले पाहिजे ते लिहून द्या. किलोमीटर नको, मिनिटे मोजा. आमच्या रस्त्याचे पंचेचाळीस किलोमीटर कोजागरीला वेगळे असतात आणि पावसाळ्यात वेगळे.

दुसरी, यादी खरी ठेवा. रुग्णालयाच्या दाराशी, मराठीत, कुठल्या आजारांसाठी योजना आहे आणि आज किती खाटा मोकळ्या आहेत, हे लिहिलेले असावे. तीच माहिती १०८ च्या रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरच्या हातातल्या मोबाइलवर दिसावी. म्हणजे गाडी निघतानाच तिला ठिकाण ठाऊक असेल.

तिसरी, दंडकाच्या आत अंगीकृत रुग्णालय मिळाले नाही, तर रुग्ण जिथे पोहोचेल तिथे योजना त्याच्यामागे आली पाहिजे. निदान जीव स्थिर होईपर्यंतचे पैसे योजनेने द्यावेत. जाळ्यातले भोक हा रुग्णाचा गुन्हा नाही.

चौथी, रुग्णालयांची देयके ठरलेल्या मुदतीत द्या, उशिरावर व्याज द्या, आणि दर ठरावीक वर्षांनी फेरतपासा. त्यानंतरही जो योजनेच्या रुग्णाकडून पैसे घेईल किंवा खोटी 'बेड नाही'ची पाटी दाखवेल त्याच्यावर कारवाई करा. रुग्णालय जाळ्यातून बाहेर पडत असेल तर आधी जाहीर नोटीस हवी, आणि उपचार चालू असलेल्या रुग्णाचा उपचार मध्येच तुटता कामा नये.

पाचवी आणि सर्वात महत्त्वाची, सरकारी रुग्णालयांना या जाळ्याचा कणा बनवा. खाजगी रुग्णालय नफा पाहून येते आणि तोटा पाहून जाते. उपजिल्हा रुग्णालय कुठे जात नाही. तुळजापुरात वर्षाकाठी इतके भाविक येतात की छातीत दुखणारा माणूस हा इथला अपवाद नाही. धाराशिवच्या वैद्यकीय महाविद्यालयात हृदयविकाराची चोवीस तास सोय आणि आमच्या उपजिल्हा रुग्णालयातून तिथपर्यंत आधी कळवून रुग्ण पोहोचवण्याची पद्धत, एवढे झाले तरी अनेक खालू वाचतील. त्यातले बहुतेक आमचे नातेवाईक नसतील. कुणी अक्कलकोटचा असेल, कुणी विजयपूरचा.

सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या खटल्यात सांगितले आहे की तातडीच्या रुग्णाला वेळेवर उपचार न देणे हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे. रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेल्या माणसाला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी सोय नाही, खाट नाही म्हणून परत पाठवले होते. पैशांची अडचण ही सबब चालणार नाही, असे न्यायालयाने बजावले. त्याला आता तीन दशके होत आली. 'खाट नाही' हे दोन शब्द मात्र तसेच आहेत. फरक इतकाच की आता ते कार्ड पाहून सांगितले जातात.

शेवटी आपल्या घरातले बोलतो. त्या रात्री मोहल्ल्याने पन्नास हजार जमवले याचा मला अभिमान आहे. कुणी पाचशे दिले, कुणी जकातीतून दिले, समोरच्या प्रसादाच्या दुकानदाराने न मागता पाच हजार पाठवले. पण अलीकडे आमच्या ग्रुपवर दर आठवड्याला असा एक फोटो येतो: नाकात नळी, खाली बँकेचा खाते क्रमांक. आपण पैसे पाठवतो, दुआ करतो आणि पुढच्या फोटोची वाट पाहतो. मदत करायलाच हवी. मात्र जे हक्काने मिळायचे ते वर्गणीने भागवत राहिलो, तर हक्क देणाऱ्याला कधी घाम फुटणार नाही. पाचशे रुपयांसोबत आपण एक प्रश्नही पाठवला पाहिजे: कार्ड होते, मग पैसे का लागले?

म्हणून वाचकांना माझी विनंती साधी आहे. आपल्या मोहल्ल्यातले, वस्तीतले दोन-चार तरुण बसवा. योजनेच्या १५५३८८ या क्रमांकावर फोन करून आपल्या तालुक्यासाठी कुठल्या आजाराला कुठले रुग्णालय आहे ते विचारा, प्रत्यक्ष जाऊन आरोग्यमित्राला भेटून पडताळा, आणि एका कागदावर लिहून मशिदीच्या, मंदिराच्या, बुद्धविहाराच्या, रेशन दुकानाच्या भिंतीवर लावा. ज्याच्याकडून पैसे घेतले गेले किंवा ज्याला परत पाठवले गेले त्याची तारीख-वेळेसह लेखी तक्रार करा, पोच घ्या. खाजगी पॉलिसीवाल्यांनी आधी कंपनीकडे, मग 'बीमा भरोसा' पोर्टलवर आणि तिथेही न्याय मिळाला नाही तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे जावे. तिथे वकील लागत नाही, फी लागत नाही. अशा शंभर तक्रारी एका जिल्ह्यातून गेल्या, तर ती यादी कोणत्याही सरकारी यादीपेक्षा खरी असेल.

आमच्या कागदावर आतापर्यंत सतरा आजारांपुढे रुग्णालयांची नावे लिहून झाली आहेत. सहा आजारांपुढची जागा रिकामी आहे. ती आम्ही मुद्दाम रिकामीच ठेवली आहे, आणि त्या कागदाची प्रत येत्या आठवड्यात जिल्हाधिकारी कार्यालयात देणार आहोत. खालू सोबत येणार आहेत. दुकान तासभर बंद ठेवावे लागेल, पण त्यांनीच तसे सांगितले आहे.